मर्ल ओबेरॉन: टास्मानियात न जन्मलेली नटी

२०२३ च्या जानेवारीत ऑस्करची नामांकनं जाहीर झाली तेव्हा मिशेल योबद्दलच्या बातम्यांत एक चमत्कारिक विशेषण फिरत होतं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या गटात नामांकन मिळालेली, 'स्वतःला आशियाई म्हणवणारी' पहिली स्त्री. नुसतं 'पहिली आशियाई स्त्री' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं, कारण तिच्या ८७ वर्षं आधी त्याच गटात एक नाव येऊन गेलं होतं. ५ मार्च १९३६ रोजी लॉस एंजलिसच्या बिल्टमोर हॉटेलात आठवा ऑस्कर समारंभ झाला. स्पर्धेत सहा जणी होत्या आणि पुतळा बेटी डेव्हिसला मिळाला. उरलेल्या पाचांपैकी एक होती 'द डार्क एंजल' या सिनेमाची नायिका, ब्रिटिश अभिनेत्री मर्ल ओबेरॉन. स्टुडिओच्या माहितीपत्रकानुसार जन्म होबार्ट, टास्मानिया. खरा जन्म १९ फेब्रुवारी १९११, मुंबई.

पॉडकास्टच्या भागात आम्ही तिच्याबद्दल बोललो, पण तिथे बराच वेळ सिनेमांतच गेला आणि मला जे खरं सांगायचं होतं ते राहून गेलं. ते इथे लिहिते. मर्लची गोष्ट साधारण दोन पद्धतींनी सांगतात. पहिली पद्धत: प्रसिद्धीसाठी मुलीने स्वतःचा वंश लपवला, सख्ख्या आईला मोलकरीण म्हणून दाखवलं, काय ही कृतघ्नता! दुसरी पद्धत अलीकडची, आणि आपल्यासारख्या परदेशातल्या लोकांना जास्त आवडणारी: बघा, ऑस्करची पहिली भारतीय नायिका, आपल्या मुंबईची मुलगी! दोन्ही पद्धतींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, लपवाछपवी हॉलिवूडमध्ये सुरू झाली. माझं म्हणणं असं की ती मुंबईत सुरू झाली, घरातच, आणि मर्लला बोलता येण्याच्याही आधी.

तिचं पाळण्यातलं नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन. घरात सगळे 'क्वीनी' म्हणत. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, पुढे दिल्ली दरबाराला गेले. त्या राणीवरून हे लाडाचं नाव पडलं असं सांगतात. (ज्या आगमनाची आठवण म्हणून पुढे गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला, तेच हे आगमन.) कागदोपत्री वडील आर्थर थॉम्प्सन, इंग्लंडातल्या डार्लिंग्टनहून आलेले, रेल्वेतले मेकॅनिकल इंजिनिअर. क्वीनी जिला आई म्हणत मोठी झाली ती शार्लट सेल्बी, सिलोनची, मिश्र वंशाची. आणि जिला ती बहीण समजायची ती शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स.

खरी आई कॉन्स्टन्स होती. मुलगी झाली तेव्हा ती बारा ते चौदा वर्षांची असेल. आणि बाप म्हणून ज्याचं नाव नोंदलं गेलं तो आर्थर थॉम्प्सन तिच्या आईचा जोडीदार होता.

इथे थोडं थांबायला हवं. सिनेमाच्या पुस्तकांत ही माहिती 'धक्कादायक रहस्य' म्हणून येते आणि लेखक पुढच्या ओळीत लंडनला पोचतो. पण एका लहान मुलीवर घरातल्याच मोठ्या पुरुषाने केलेला हा अत्याचार आहे, दुसरा शब्द नाही. शार्लटने त्यावर जे केलं ते आपल्याकडच्या कितीतरी घरांत झालं असेल: नातीला मुलगी म्हणवलं आणि मुलीला मोठी बहीण केलं. एका खोट्याने दोन मुलींची अब्रू झाकली गेली. मर्लने आयुष्यभर जे केलं त्याचा पहिला धडा असा आजीने गिरवून घेतला होता, आणि त्या वेळी हॉलिवूड म्हणजे लॉस एंजलिसची एक पेठ होती, जिथे पहिला स्टुडिओ अजून उघडायचा होता.

ज्या समाजात ती जन्मली त्यालाही त्याच वर्षी नवं नाव मिळालं होतं, हा एक विलक्षण योगायोग. १९११ च्या जनगणनेत सरकारने मिश्र वंशाच्या लोकांसाठी 'अँग्लो-इंडियन' हा शब्द अधिकृत केला. तोवर तो हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्या इंग्रजांसाठी वापरला जाई आणि मिश्र वंशाचे लोक 'युरेशियन' म्हणवले जात. रेल्वे, तारखातं, कस्टम्स या खात्यांत त्यांना नोकऱ्या असत. इंग्रजांच्या क्लबात त्यांना जागा नसे आणि हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या घरात त्याहून नसे. धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत. मराठी नाटका-कादंबऱ्यांत तरी ते कुठे भेटतात? भेटलेच तर तिकीट तपासणारा गार्ड किंवा आखूड झग्यातली टायपिस्ट म्हणून, हसण्यापुरते.

आता त्याच मुंबईत त्याच महिन्यात आणखी काय चाललं होतं ते बघा. क्वीनी तीन आठवड्यांची असताना, १२ मार्च १९११ रोजी, रिपन थिएटरात किर्लोस्कर मंडळींच्या 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग झाला. भामिनी होते बालगंधर्व. त्याच सकाळी त्यांची तान्ही मुलगी वारली होती आणि तरी ते रंगभूमीवर उभे राहिले, ही गोष्ट मराठी घरांत आजही सांगितली जाते. नाटकातली श्रीमंत भामिनी वनमाला नावाची साधी मुलगी बनून नायकाची परीक्षा घेते. म्हणजे एक पुरुष स्त्री झालेला आणि ती स्त्री पुन्हा दुसरीच कुणी झालेली. प्रेक्षक बेभान. सोंगाचं आपल्याला कधीच वावडं नव्हतं. पण सोंगाची एक अट असते: ते सोंग आहे हे सगळ्यांना ठाऊक असावं लागतं. क्वीनीच्या वाट्याला आलं ते दुसऱ्या जातीचं काम, जिथे ठाऊक झालं की खेळ खलास.

पहिल्या महायुद्धात आर्थर सैन्यात गेला आणि सोम नदीच्या लढाईच्या काळात न्यूमोनियाने वारला. शार्लट आणि क्वीनी मुंबईत पडक्या भाड्याच्या खोल्यांतून दिवस काढत राहिल्या आणि १९१७ मध्ये कलकत्त्याला गेल्या. तिथे ला मार्टिनिअर या नामांकित शाळेत क्वीनीला शिष्यवृत्ती मिळाली. शाळेतल्या मुलींनी तिला तिच्या रंगावरून आणि मिश्र रक्तावरून इतकं छळलं की तिने शाळाच सोडली. नाटकाची सुरुवात इथली: कलकत्ता अमॅच्युअर ड्रॅमॅटिक सोसायटी या हौशी मंडळात तिने छोटी कामं केली. संध्याकाळी नाच, सिनेमे, चौरंगीवरचं फिरपोज हॉटेल.

फिरपोजमध्येच तिला एक माजी नट भेटला, कर्नल बेन फिनी. प्रेम वगैरे जमलं. एका रात्री तो तिच्या घरी आला, दारात सावळी शार्लट दिसली, आणि त्याचा रस ओसरला. पण नाइसच्या स्टुडिओतल्या रेक्स इन्ग्रम या दिग्दर्शकाशी ओळख करून देतो, एवढं त्याने कबूल केलं. आजी-नात फ्रान्सला जायला निघाल्या. मर्लच्या चरित्रातला मला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग वाटतो. तोवर तिच्या रंगावरून लोक तिला बोलले होते. आता पहिल्यांदा तिला स्पष्ट दिसलं असेल की ती एकटी असली तर खपून जाते. शार्लट शेजारी उभी राहिली की नाही.

पुढचं भराभर सांगते, कारण ते कुठेही वाचायला मिळेल. नाइसमध्ये किरकोळ कामं, मग लंडन, कॅफे द पॅरिसमध्ये नाचघरातली नोकरी, सिनेमात गर्दीतला चेहरा. तिथे तिला अलेक्झांडर कोर्डाने हेरलं. 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३) मध्ये ती अ‍ॅन बोलिन झाली. मोजून काही मिनिटांचं काम, सुरुवातीलाच मुंडकं उडतं, पण ती मान आणि ते डोळे लोकांनी लक्षात ठेवले. १९३४ मध्ये 'द स्कार्लेट पिंपर्नेल'. मग सॅम्युअल गोल्डविनने तिला अमेरिकेत नेलं.

तिला घडवणारी ही दोन माणसं कोण होती? कोर्डा म्हणजे हंगेरीतला ज्यू मुलगा सांदोर केल्नर. गोल्डविन म्हणजे वॉर्सात जन्मलेला श्मुएल गेल्बफिश. दोघांनी स्वतःची नावं पुसून नवी लिहिली होती. अस्सल इंग्लंड कसं दिसतं हे जगाला दाखवणारा सिनेमावाला बुडापेस्टमार्गे आलेला, आणि त्याने ज्या मुलीला अस्सल इंग्रज बाई केलं ती मुंबई-कलकत्त्याची. मला यात फसवणुकीपेक्षा कारागिरी जास्त दिसते. इंग्रजपणा ही बनवता येण्यासारखी वस्तू आहे हे त्या दोघांना कळलं होतं, कारण ते स्वतः बाहेरचे होते.

सुरुवातीला मात्र त्यांनी तिचं परकेपण विकायलाच काढलं. १९३४ च्या 'द बॅटल'मध्ये ती जपानी सरदाराची बायको होती, डॉन हुआनवरच्या सिनेमात स्पॅनिश नर्तकी. तेव्हाचे तिचे फोटो पाहा: केस चापून बसवलेले, भुवया वर ओढलेल्या, डोळे तिरके रंगवलेले. 'द डार्क एंजल'मध्ये गोल्डविनने ते सगळं धुऊन काढलं आणि तिला खेड्यातल्या बंगल्यात वाढलेली साधी इंग्रज मुलगी केलं. नामांकन मिळालं ते त्या भूमिकेसाठी. थोडक्यात, ज्या वर्षी ती 'कुठलीतरी' दिसायची थांबली त्याच वर्षी ती ऑस्करच्या दारात पोचली.

टास्मानियाची गोष्ट या काळातली. प्रसिद्धी खात्याला लंडन-न्यूयॉर्कहून कोणी सहज तपासायला जाणार नाही इतकं दूरचं, पण पक्कं ब्रिटिश गाव हवं होतं. होबार्ट बरं पडलं. वडील शिकारीत अपघाताने गेले, मग मुलगी हिंदुस्थानात आली आणि तिथे वाढली, अशी कहाणी रचली गेली. हे नीट वाचलंत का? या बनावट कहाणीतही हिंदुस्थान आहेच! हिंदुस्थानशी संबंध लपवायचा नव्हता. व्हिव्हियन ली १९१३ मध्ये दार्जिलिंगला जन्मली आणि त्याने तिचं काही बिघडलं नाही. उलट जराशी मोहिनीच वाढली. गोऱ्या आईबापांच्या पोटी पूर्वेकडे जन्म घेणं ही छान गोष्ट होती. लपवायची होती ती आई. आणि लंडनमध्ये मर्लच्या घरी ही आई राहत होती. पाहुणे आले की मोलकरीण म्हणून वावरायची, असं चरित्रकार सांगतात.

आता कायद्याकडे वळते, आणि त्यासाठी मला जिथे बसून लिहिते आहे त्या भागाबद्दल थोडं सांगावं लागेल. रेडमंडमध्ये आज मराठी ऐकू येण्यासाठी कान टवकारावे लागत नाहीत. किराणा दुकानाच्या रांगेत उभं राहिलं तरी पुरतं. पण इथून उत्तरेला दीड तासावर बेलिंगहॅम आहे. ४ सप्टेंबर १९०७ रोजी तिथे शेकडो गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांना, बहुतेक शिखांना, बिऱ्हाडांतून ओढून काढलं आणि काही दिवसांत गाव रिकामं केलं. दक्षिणेला टॅकोमाजवळ लष्कराची छावणी आहे, तेव्हाचा कॅम्प लुइस. डिसेंबर १९१८ मध्ये तिथे भगतसिंग थिंड या शीख सैनिकाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, आणि अवघ्या चार दिवसांत काढून घेतलं गेलं. तो लढत राहिला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: वंशशास्त्राची पुस्तकं काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्याआधी १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानसकट आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना अमेरिकेत स्थायिक व्हायला बंदी घातलेली होतीच. हे दार किलकिलं झालं १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं.

मर्ल अमेरिकेत उतरली ती या दोन टोकांच्या बरोबर मधे. 'सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो' या वाक्यावर तिचं आख्खं करिअर उभं होतं. शिवाय हॉलिवूडची स्वतःची आचारसंहिता होती, १९३४ पासून कडक केलेली. गोऱ्या आणि काळ्या माणसांमधलं प्रेम पडद्यावर दाखवायला त्यात मनाई होती. अक्षरात आशियाई लोकांचा उल्लेख नव्हता, पण व्यवहारात स्टुडिओ तिथेही हात आखडता घेत. १९३७ च्या 'द गुड अर्थ'चंच घ्या. चिनी शेतकऱ्याचं काम पॉल म्यूनीला दिलेलं होतं, म्हणून त्याच्या बायकोचं काम अ‍ॅना मे वाँगला, खऱ्या चिनी अमेरिकन नटीला, मिळालं नाही. ते लुइझे राइनरला मिळालं आणि त्यासाठी तिला ऑस्करही मिळालं. म्हणजे गोरी बाई पिवळा रंग लावून बक्षीस घेऊ शकत होती. मर्लचं खरं कळलं असतं तर तिची नायिकेची कामं त्याच दिवशी थांबली असती.

याच काळात कोर्डा आणखी एक भारतीय चेहरा घडवत होता. म्हैसूरजवळच्या करापूरचा माहुताचा पोरगा, साबू. 'एलिफंट बॉय' (१९३७), 'द ड्रम' (१९३८), 'द थीफ ऑफ बगदाद' (१९४०). साबूचं सगळं भांडवल त्याचा रंग, उघडं अंग आणि फेटा. एकाच मालकाच्या दुकानात एका फळीवर हिंदुस्थान म्हणून मांडलेला मुलगा, दुसऱ्या फळीवर हिंदुस्थानी नाही म्हणून मांडलेली बाई. 'द ड्रम' मुंबईत लागला तेव्हा हिंदुस्थानी लोकांची बदनामी केली म्हणून लोक रस्त्यावर उतरले आणि सिनेमा मागे घ्यावा लागला. त्याच कोर्डाशी पुढच्याच वर्षी मर्लने लग्न केलं. १९४२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली आणि पडक्या खोल्यांतली क्वीनी लेडी कोर्डा झाली.

अभिनेत्री म्हणून ती कशी होती? खरं सांगायचं तर असमान. 'दीज थ्री' (१९३६) मध्ये ती फार चांगली आहे, संयमी आणि आतून जखमी. पुष्कळ सिनेमांत मात्र चेहरा सुंदर ठेवण्याच्या नादात तो हलतच नाही. हा दोष मला पूर्वी कौशल्याचा वाटे. आता वाटतं, सतत स्वतःवर नजर ठेवणाऱ्या माणसाचा चेहरा असाच होत असणार. 'वदरिंग हाइट्स' (१९३९) जरूर बघा. मूळ कादंबरीत हीथक्लिफ हा काळासावळा, कुठून आला ते ठाऊक नसलेला पोर. त्याची आई हिंदुस्थानातली राणी असेल अशी कल्पना एक पात्र करतं. सिनेमात तो झाला लॉरेन्स ऑलिव्हिए. आणि त्याच्या परकेपणामुळे त्याच्याशी लग्न करायला कचरणारी गोरी कॅथी कोण, तर मर्ल. १९३९ च्या प्रेक्षकाला हा विनोद कळण्याची सोय नव्हती. तिला नक्की कळला असेल.

चेहऱ्याची किंमतही तिने मोजली. १९३७ मध्ये लंडनमध्ये मोटारीचा अपघात होऊन चेहऱ्यावर जखमा झाल्या. फॉन स्टर्नबर्ग दिग्दर्शित करत असलेला 'आय, क्लॉडियस' अर्धवट बंद पडला तो तेव्हा. पुढे प्रसाधनांची आणि औषधांची प्रतिक्रिया येऊन कातडी आणखी बिघडली. छायाचित्रकार लुसियन बॅलर्डने 'द लॉजर'च्या (१९४४) वेळी कॅमेऱ्याच्या भिंगाजवळ बसवायचा एक दिवा तयार केला. समोरून सपाट उजेड पडला की व्रण दिसेनासे होत आणि रंग उजळ दिसे. बॅलर्डने नंतर तिच्याशी लग्नही केलं. त्या दिव्याला सिनेमाच्या धंद्यात आजही तिच्या नावावरून 'ओबी' म्हणतात. आपल्या ओळखीत कोणी छायाचित्रण शिकत असेल तर विचारून बघा. दिवा माहीत असतो, बाई माहीत नसते.

अपघाताच्याच वर्षी, १९३७ मध्ये, शार्लट वारली. १९४९ मध्ये मर्लने एका जुन्या फोटोवरून तिची रंगीत चित्रं काढून घेतली. चित्रकाराला सूचना होती: रंग गोरा करा. ती चित्रं मर्लच्या प्रत्येक घरात शेवटपर्यंत लावलेली होती. ज्या आईला पाहुण्यांसमोर आई म्हणता आलं नाही तिला अशा रीतीने दिवाणखान्यात जागा मिळाली.

हे सगळं मी इथे एका छोट्या बैठकीत सांगितलं तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने विचारलं, "ताई, मग ती आपली म्हणायची की नाही?" प्रश्न सरळ होता, पण मला उत्तर देताना पुण्याच्या रूबी मायर्सकडे जावं लागलं.

रूबी १९०७ ची, पुण्यातल्या बगदादी ज्यू कुटुंबातली. टेलिफोन ऑपरेटर होती, तिथून सिनेमात आली. नाव घेतलं सुलोचना. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये तिने आठ भूमिका केल्या आणि तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त आहे अशी ख्याती पसरली. तिच्यासारख्या बऱ्याच जणी होत्या: रेने स्मिथ सीतादेवी झाली. त्यांना जागा मिळाली कारण आपल्या घरांतून बायका सिनेमात पाठवायला कोणी तयार नव्हतं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामती झाले ते अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारे. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला दोघी आल्या, तर तो अपवाद. आई आणि मुलगी एकाच पडद्यावर, स्वतःच्या नावाने! १९३२ मध्ये दुर्गा खोटे 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या, तोवर मधल्या दोन दशकांत मुंबईच्या पडद्यावरची हिंदू नायिका बहुधा ज्यू किंवा अँग्लो-इंडियन असे.

पण 'रूबी मायर्स' या नावाने आपण तिला सती-सावित्री म्हणून बघितलं असतं का? मुंबईच्या सिनेमाचीही अट होतीच: काम कर, नाव बदलून ये. फरक एवढाच की सुलोचना मुळात रूबी आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याने तिकीटविक्री अडली नाही. बालगंधर्वांच्या परंपरेतलं हे सोंग होतं. क्वीनी मुंबईत राहिली असती तर तिचीही कुणी सरोजिनी किंवा माधवी झाली असती, चांगलं चाललं असतं, आणि शेजारच्या चाळीतल्या आजीबाईंनी तिच्या हातचं पाणी प्यायलं नसतं. मी त्या मुलीला एवढंच म्हणाले की 'आपली' हा शब्द आपण २०२३ मध्ये वापरतो आहोत; १९११ मध्ये शार्लटच्या दारावर तो शब्द घेऊन मुंबईतलं कोणी गेलं नव्हतं. मुलीला उत्तर फारसं पटलं नाही. पटायलाच हवं असंही नाही.

मर्ल पुढे बरीच वर्षं काम करत राहिली. 'अ साँग टु रिमेंबर'मध्ये (१९४५) जॉर्ज सँड, 'देझिरे'त (१९५४) जोसेफिन. १९५७ मध्ये उद्योगपती ब्रूनो पाग्लियाईशी लग्न करून मेक्सिकोत राहिली. शेवटचा सिनेमा 'इंटरव्हल', १९७३ चा. आणि १९७८ मध्ये ती एका आमंत्रणाला हो म्हणाली: होबार्टच्या महापौरांनी गावच्या कन्येचा सत्कार ठेवला होता. गाडीत बसल्यावर तिने चालकाला आणखी नवीच गोष्ट सांगितली, की लहानपणी जहाज इथून जात असताना वडील आजारी पडले आणि त्यांना उतरवून घेतलं. समारंभात पोचल्यावर मात्र तिने आपण टास्मानियात जन्मलेलो नाही असं सांगून टाकलं, बरं वाटत नाही म्हणून निघून गेली आणि उरलेला मुक्काम हॉटेलच्या खोलीत काढला. तिच्या नावाचं एक थिएटर त्या गावात होतं. तेही ती पाहायला गेली नाही. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, मालिबूत ती वारली.

जन्माचे आणि शाळेचे कागद आगीत जळून गेले, असं ती सांगत असे. मुंबईतली नोंद शाबूत होती. कॉन्स्टन्सला पुढे लग्नानंतर आणखी मुलं झाली. त्यांतल्या एकाला, जो मर्लला मावशी समजत मोठा झाला होता, मुंबईच्या सरकारी दप्तरात तिचा जन्मदाखला सापडला. आईच्या नावाच्या जागी त्याच्याच आईचं नाव होतं. तो लॉस एंजलिसला तिला भेटायला गेला. तिने भेट नाकारली. ती गेल्यावर चरित्रकार त्याच्यापर्यंत पोचले, १९८३ मध्ये त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं, आणि त्यालाही त्याने हे सांगितलं नाही. २००२ साली 'द ट्रबल विथ मर्ल' हा ऑस्ट्रेलियन माहितीपट बनवणाऱ्या मारे डेलोफ्स्कीपाशी तो शेवटी बोलला. तोवर बहिणीचं गुपित त्यानेही राखलं होतं, आजीने राखलं होतं तसंच.